पोराने भाकरी थापली, तर बिघडले काय?



या अंकात शेतकी खात्याकडून खोडव्यातील पाचट व्यवस्थापनावर लेख यावयाचा होता. तो तयारही आहे. परंतु गेल्या महिन्यात ऊस नोंदीसाठी गटागटांतून फिरताना एका गोष्टीवरून आमची चार ठिकाणी थट्टा झाली. तिच्याविषयी आधी लिहिणे आम्हांस भाग आहे. पाचट थांबेल, कुजायला त्याला तसाही वेळ लागतो.

गोष्ट अशी. आमचा थोरला भिवंडीला बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचे मामा तिकडे माणकोलीच्या बाजूला गोदामात सुपरवायझर आहेत. मुंबईचा निम्मा माल आता त्या पट्ट्यातल्या गोदामांतून हलतो म्हणा ना. आपल्या भागातलीही बरीच पोरे तिथे कामाला आहेत. मामांचे कुटुंब गावी, म्हणून मामा-भाचे दोघे कामतघर भागात एका खोलीत राहतात. सुट्टीत पोरगा घरी आला असताना एक सभासद नोंदीची तक्रार घेऊन सकाळी आमच्या दारात आले. त्यांनी पाहिले, तर पोरगा परातीपुढे बसून भाकरी थापतो आहे आणि ऊस विकास अधिकारी शेजारी बसून कांदा चिरत आहेत. नोंदीची तक्रार राहिली बाजूला. दुसऱ्या दिवशी गटकार्यालयात हेच ऐकू आले, "साहेब, पोराला हेच शिकायला धाडलं व्हय भिवंडीला?"

तर त्याचे उत्तर आम्ही येथे जाहीरपणे देतो. होय, हेही शिकायला धाडले. पण ते आमच्या शहाणपणाने नव्हे, पोराच्या गरजेने झाले, हेही कबूल केले पाहिजे.

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव. रात्रंदिवस खटाखट चालू. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण, कुठकुठले कामगार तेथे येऊन बारा-बारा तासांच्या पाळीत काम करतात. एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा जण, पाळीपाळीने झोपायचे. चूल मांडायला जागाच नाही. त्यामुळे ही सारी माणसे खानावळीत जेवतात. तिकडे त्या खानावळीला भिसी म्हणतात. (आपल्याकडची पैशांची भिशी ती निराळी, तिच्यात जेवण मिळत नाही, कधीकधी पैसेही मिळत नाहीत.) दोन वेळचे जेवण, हिशेब आठवड्याला नाहीतर महिन्याला. मुंबईच्या गिरण्यांच्या दिवसांत गिरणगावात घरोघरी बायका खानावळी चालवीत. त्यांना सावकारापासून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, ते वाचकांतील जुन्या मंडळींना आठवत असेल. भिसी त्याच घराण्यातली.

मार्च २०२०च्या अखेरीस टाळेबंदी झाली, माग थांबले, आणि मागांबरोबर भिसीचे गणितही थांबले. मजुरी नाही, म्हणून खानावळीला पैसे नाहीत. खानावळ नाही, म्हणून जेवण नाही. आणि खोलीत चूल नाही. माणसे पायी गावाकडे निघाली ती करोनाच्या भीतीने तर होतीच, पण भुकेच्या भीतीने अधिक. संस्था, मंडळे, कॉलेजातली पोरे यांनी खिचडीची पातेली चढविली, म्हणून बरेच जण तगले. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरला कामगारांची खास गाडी सुटली, तेव्हा कुठे थोडा श्वास मिळाला. आपल्याकडे त्याच वेळी काय चालले होते, ते सांगायला नको. तोडणीचे मजूर गाळप संपूनही फडावर अडकले होते. शासनाने एप्रिलच्या मध्यावर त्यांना गावी जाण्याची परवानगी दिली. तोवर त्यांच्या शिध्याची सोय करताना आपली किती धांदल उडाली, ते शेतकी खात्याला चांगले ठाऊक आहे.

आमचा पोरगा त्या वेळी शाळेत होता. तो भिवंडीला गेला नंतर. पहिले तीन महिने तोही मामांबरोबर भिसीतच जेवला. मग पोट बिघडले. डॉक्टरांनी तेलकट-तिखट बंद सांगितले. मामांची रात्रपाळी. शेवटी पोराने एक शेगडी, दोन पातेली, तवा आणि परात आणली आणि आईला फोन केला, "आई, एक वाटी तांदळाला पाणी किती?" तिने सांगितले, तांदळाच्या वर बोटाचे एक पेर. पहिला भात लापशी झाला, दुसरा खाली करपला. तिसऱ्या दिवशी जमला. तिकडचा वाडा कोलम तांदूळ. बारीक, वासाला चांगला; २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या इंद्रायणीच्या हिशेबाने पाणी घातले तर तो गिच्च होतो, हे पोराने आम्हांला सांगितले. आम्ही कृषी पदविकाधारक. आम्हांला ते ठाऊक नव्हते.

शेजारी एक आगरी मावशी राहतात. त्यांनी त्याला तांदळाची भाकरी शिकविली. आपल्या ज्वारीच्या भाकरीहून तिची रीत वेगळी. आधी पाण्याला उकळी आणून पीठ त्यात घालायचे, झाकून वाफ द्यायची, मग गरम असतानाच मळायचे. पोराचे हात भाजले. मावशी हसल्या आणि म्हणाल्या, भाजल्याशिवाय हाताला भाकरी कळत नाही. पुढे घरी येऊन तो ज्वारीची शिकला. गव्हासारखा चिकटा ज्वारीत नसतो, म्हणून ऊन पाणी लागते, आणि पीठ जुने होऊन त्याची विरी गेली की कितीही मळा, भाकरीला चिरा पडतात. मालदांडीची पेरणी केव्हा करावी, एकरी बियाणे चार किलो, हे आम्ही झोपेतही सांगू. तिच्या पिठात पाणी किती घालावे, हे आम्ही वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पोराकडून शिकलो. याची लाज वाटावी की अभिमान, ते सभासदांनी ठरवावे. आम्हांला दोन्ही वाटले.

शिकावे लागले त्याचे कारणही सांगतो. गेल्या वर्षी ऐन गाळपात आमच्या घरी न्हाणीत पाय घसरून मंडळींचे मनगट मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर. घरात वृद्ध मातोश्री, धाकटी मुलगी दहावीला, आणि आम्ही सकाळी सहाला फडावर जाणारे. बावीस वर्षे नोकरी केली, शेकडो एकर ऊस उभा केला, पण त्या पहिल्या सकाळी चहात साखर आधी घालायची की नंतर, इथून सुरुवात. साखर कारखान्याच्या माणसावर यावी अशी ही पाळी! आठ दिवस शेजारच्या वहिनींनी डबा दिला. दहावीची पोरगी पुस्तक बाजूला ठेवून पोळ्या लाटू लागली, आणि आम्ही ते पाहून गप्प बसलो. तिची परीक्षा तोंडावर आली होती, हे आम्हांला दिसत नव्हते असे नाही. पण 'पोरीची जात, करील' असे कुठेतरी मनात होते. मग थोरला पंधरा दिवस आला. त्याने पहिल्याच दिवशी बहिणीच्या हातातून लाटणे काढून घेतले आणि तिला पुस्तकापुढे बसविले. मातोश्री म्हणाल्या, "बापय माणसानं चुलीत हात घालायचा का रं?" तो म्हणाला, "आज्जी, हात नाही घालत, भाकरीच घालतो." मातोश्रींनी दोन दिवस तोंड वाकडे केले, तिसऱ्या दिवशी दुसरी भाकरी मागून घेतली. पोरीला दहावीला चांगले गुण पडले. त्यातले थोडे या पंधरा दिवसांचे आहेत, असे आम्ही समजतो.

केंद्र शासनाने २०१९ साली देशभर एक पाहणी केली होती, कोण दिवसाचा किती वेळ कशात घालवतो याची. घरातील बिनपगारी कामात हात घालणाऱ्या बायका शंभरात ८१ आणि पुरुष २६. आणि जे पुरुष करतात, ते दिवसाला सरासरी ९७ मिनिटे. बायका २९९ मिनिटे. म्हणजे पाच तास. आपल्या भागात या पाच तासांवर खुरपणी, जनावरे आणि धारा वेगळ्या. ज्या घरात ही बाई एक दिवस आडवी पडते, त्या घरात त्या दिवशी पुरुषाची काय किंमत राहते, ते आम्ही अनुभवाने सांगतो.

कोणी म्हणेल, हे शहरी खूळ आहे. तसे मुळीच नाही. कोल्हापूरच्या तालमींत पैलवान स्वतःचे जेवण स्वतः रांधत आले आहेत. गावजेवणाला शंभर पायलीचा भात कोण शिजवितो? आचारी पुरुषच ना? जत्रेत, पंगतीत, दिंडीत पुरुषाने रांधले तर मान. घरात रांधले की थट्टा. हा हिशेब आम्हांला आजवर उलगडलेला नाही. जपानात १९९३ आणि १९९४ पासून माध्यमिक शाळांतून मुलगे-मुली दोघांनाही गृहविज्ञान सक्तीचे आहे. तिथले कारखाने काही बंद पडले नाहीत.

आणि जपानपर्यंत तरी कशाला जावे? कर्मवीर भाऊराव पाटील कधीकाळी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरत. त्यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. त्या बोर्डिंगात सर्व जातींची पोरे एकत्र राहत, पाणी भरीत, रांधीत, एका पंगतीला जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. पोरांना धान्य कमी पडले तेव्हा लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने मोडले. आपल्या सभासदांतील किती जणांचे वडील-चुलते रयतेत शिकले, ते मोजायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. ती पोरे चुलीपुढे बसली म्हणून बिघडली नाहीत. त्यांतूनच पुढे सहकार उभा राहिला. एका पंगतीत बसलेली माणसेच पुढे एका संस्थेत बसू शकली.

आता दुसरी बाजू. पोरगा राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. ही योजना १९६९ साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थी घेऊन सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास समाजकार्य आणि सात दिवसांचे एक शिबिर. आम्हीही पदविकेला असताना अशा शिबिराला गेलो होतो. खरे सांगायचे तर आम्ही तिथे क्रिकेट खेळलो, शेवटच्या दिवशी झाडे लावली, फोटो काढला. ती झाडे पुढच्या पावसापर्यंत तरी होती की नाही, देव जाणे. त्यामुळे पोराने शिबिराचे सांगितले तेव्हा आम्ही फारसे मनावर घेतले नाही.

शिबिर भिवंडी तालुक्यातच एका आदिवासी पाड्यावर होते. पन्नास-साठ जण. पहिल्या दिवशी वाटणी अशी झाली की मुलांनी ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा आणि मुलींनी स्वयंपाक. मुलींनी ऐकले नाही. आम्हीही पोती भरणार म्हणाल्या. मग पाळ्या पडल्या. आमच्या पोराला भात येतो हे कळल्यावर त्याला पहिल्याच दिवशी चुलीवर बसविले. साठ माणसांना आठ किलो तांदूळ, हा हिशेब पाड्यावरच्या एका बाईने सांगितला. आमटीत मीठ दोघांनी दोनदा घातले. मग बटाटे उकडून टाकले, पाणी वाढविले, आणि ती आमटी रात्रीसुद्धा पुरली! रात्री मात्र पातेली घासायला कोणी पुढे येईना. रांधण्यापेक्षा ते अवघड, असे पोराचे मत आहे. आमचेही तेच मत आहे.

पाड्याजवळ वीटभट्ट्या होत्या. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर येतात, पाऊस लागेपर्यंत राहतात. नवरा-बायको दोघे माती कालवतात, विटा थापतात. शिबिरातली पोरे संध्याकाळी तिथल्या मुलांना पाटी-पेन्सिल घेऊन शिकवायला बसत. तिथे पोराने एक सात-आठ वर्षांची मुलगी पाहिली. कडेवर धाकटा भाऊ, आणि तीन दगडांच्या चुलीवर भात. शिकवणी सुरू झाली तरी ती उठेना, कारण भात उतू गेला असता. पोराने तिला सांगितले, तू पाटी घेऊन बस, भात मी बघतो. ती काही बसेना. भाताकडे बघत राहिली. तिला या दादाचा भरवसा नव्हता. शेवटी त्याने झाकण काढून, शीत बोटात दाबून दाखविले, तेव्हा कुठे ती पाटीकडे वळली. त्या दिवशी ती 'भ' शिकली.

शिबिर संपल्यावरही पोरगा आणि त्याचे चार मित्र रविवारी तिथे जात राहिले, भट्टी बंद होईपर्यंत. त्या मित्रांत एक मोमिनांचा आहे, एक पद्मशाली, एक आगरी. मे १९७० आणि मे १९८४च्या दंगलींनी ज्या गावाचे नाव काळे झाले, त्याच भिवंडीत १९८८ साली पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या काढून शेजाऱ्याला शेजाऱ्याशेजारी बसविले, आणि १९९२-९३ साली मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. हे आपण वाचलेले असते. पण पोराच्या खोलीवर रविवारी या चौघांच्या चार तऱ्हेच्या भाज्या एका शेगडीवर होतात, हे ऐकल्यावर ते आम्हांला अधिक पटले.

हे सारे सांगून पोराने आम्हांला एक प्रश्न विचारला. "बाबा, आपल्या कारखान्यावर तोडकऱ्यांच्या कोप्या आहेत, तिथं संध्याकाळी कोण जातं?"

आम्ही जातो. दरवर्षी जातो. कोयते मोजायला, टोळीला फड नेमून द्यायला, स्लिपबॉयशी भांडण झाले तर मिटवायला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, हे आम्ही इतक्या वेळा लिहिले आहे की त्यातली बायको आम्हांला दिसेनाशी झाली. ती पहाटे तीनला उठून भाकरी थापते, पाचला फडात, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते आणि रात्री पुन्हा चूल. तिची सात-आठ वर्षांची मुलगी कोपीवर भाताकडे बघत बसलेली आम्ही किती वेळा पाहिली असेल! गाळलेल्या टनामागे दहा रुपये ऊसतोड कामगारांच्या महामंडळाला, मुलांसाठी तालुक्या-तालुक्याला वसतिगृहांची योजना, हे कागदावर आले आणि ते योग्यच झाले. पण जे मूल आईबापांबरोबर कोपीवर आलेच आहे, त्याचे काय? ते आपल्या वसतिगृहापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे.

म्हणून आम्ही शेतकी खात्याच्या वतीने नव्हे, एक पालक म्हणून, वसतिगृह समितीपुढे अर्ज ठेवला आहे. आपल्या सभासदांची जी मुले वसतिगृहात राहतात, त्यांनी महिन्यातून चार दिवस पाळीने स्वयंपाकघरात काम करावे; नुसते वाढप नव्हे, रांधणे आणि भांडी घासणे दोन्ही. आणि हंगामात आठवड्यातून दोन संध्याकाळी पाच-पाच जणांनी कोप्यांवर जाऊन मुलांची शिकवणी घ्यावी. कारखान्याने कंदील म्हणा, दिवे म्हणा, पाट्या आणि बसायला ताडपत्री द्यावी.

यावर आक्षेप आले आहेत, आणि सगळेच फेटाळण्यासारखे नाहीत. अभ्यास बुडेल, हा आक्षेप आम्हांला मान्य नाही. संध्याकाळी कट्ट्यावर मोबाइल घेऊन बसलेली पोरे आम्ही रोज पाहतो, त्यातले दोन तास काढायचे आहेत. पण आचाऱ्याची नोकरी जाईल ही भीती खरी आहे. तेव्हा स्पष्ट लिहून ठेवावे की आचारी राहील, त्याचा पगार राहील, आणि तो पोरांचा गुरुजी होईल. मोठी पातेली, गॅस, उकळते तेल, यांत पोर भाजले तर जबाबदारी कोणाची, हाही प्रश्न रास्त आहे. पहिल्या वर्षी पोळ्या, भात आणि भाजी चिरण्यापुरतेच ठेवावे असे आमचे मत. एका संचालकांनी विचारले की कोप्यांवरच्या मुली मोठ्या असतात, कॉलेजातली पोरे तिथे रात्री जाणार, बरे दिसेल का? बरे विचारले. बरोबर वसतिगृहाचे अधीक्षक किंवा शाळेचे एक गुरुजी असल्याशिवाय कोणी जाऊ नये, आणि अंधार पडण्याआधी परत यावे. केळी वाटून फोटो काढायला मात्र कोणी येऊ नये. ते आम्ही एकदा करून बसलो आहोत.

मुलींच्या वसतिगृहालाही हेच लावा, असे एक भगिनी म्हणाल्या. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. आपल्या मुलींना स्वयंपाक घरातच शिकविला जातो, मागितल्याशिवाय. त्यांना त्या चार दिवसांत मोटारीचा स्टार्टर, बँकेचे चलन, ऊस नोंदीचा फॉर्म आणि सात-बारा वाचणे शिकवावे. शेतकी खाते हे काम आनंदाने करील. कोप्यांवरच्या शिकवणीला मात्र त्यांनी जरूर यावे.

वसतिगृह समितीची बैठक बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी होणार आहे. ज्या पालक सभासदांना या अर्जावर काही म्हणावयाचे असेल, विरोधही असेल, त्यांनी तो लेखी स्वरूपात आपल्या गटकार्यालयात द्यावा. तोंडी थट्टेची नोंद आम्हांला ठेवता येत नाही. आमचा थोरला हंगामाच्या सुरुवातीला दिवाळीच्या सुट्टीत येईल, तेव्हा पहिले आठ दिवस कोप्यांवर जायची त्याची तयारी आहे. त्याच्याबरोबर आणखी चार जण लागतील. नावे शेतकी ऑफिसात द्यावीत.

पाचटाचा लेख पुढील अंकी.